दाभण आणि उजेड

समुद्राकाठच्या एका मोठ्या शहरात परदेशी टपालाची जुनी दगडी इमारत होती. तिच्या तळमजल्यावर कस्टमचं दालन होतं. देशाबाहेर जाणारं प्रत्येक पार्सल आधी त्या दालनातल्या लांबलचक टेबलावर येई. टेबलाच्या टोकाला एक म्हातारे हवालदार बसत. सगळे त्यांना नाना म्हणत.

नानांच्या हातात कायम दाभण असे. दाभण गोणी शिवायला असते. नाना तिने आधी पार्सलाभोवती शिवलेलं मांजरपाट उसवत आणि मग आतल्या वस्तूंत टोचत. गोधडीत टोचत, साबणाच्या वडीत टोचत, लाडवात टोचत, चपलेच्या तळव्यात आणि पुस्तकाच्या जाड पुठ्ठ्यातही टोचत. दाभण बाहेर काढली की तिचं टोक खिडकीकडे धरून बघत. टोकाला पांढरी भुकटी दिसली की काम वाढे. मग वस्तू फोडायची, चिमूटभर भुकटी चिनी मातीच्या बशीत घ्यायची आणि तिच्यावर पेटीतल्या कुपीचा थेंब सोडायचा. एका कुपीच्या थेंबाने हेरॉइन जांभळं होई, दुसरीच्या थेंबाने कोकेन निळं होई. अडचण अशी, की दातांचे डॉक्टर हिरडी बधिर करायला जे औषध वापरतात, तेही त्याच थेंबाने निळं होई. निळं दिसलं की पार्सल अडकलं. नमुना प्रयोगशाळेत जाई आणि तिथून कागद येईपर्यंत पाठवणाऱ्याची झोप उडे.

नाना मनाने वाईट नव्हते. तपासून झालं की उसवलेलं मांजरपाट ते त्याच दाभणीने पुन्हा शिवून देत. बाकीचे चिकटपट्टी मारून मोकळे होत. पण फुटलेला लाडू फुटलेलाच राही, आणि झाकण उघडलेली लोणच्याची बरणी पलीकडच्या देशात पोचेपर्यंत तिच्यावर बुरशी धरे. तक्रारींची एक फाइल होती. ती दरवर्षी जाड होई आणि प्रत्येक तक्रारीला एकाच ओळीचं उत्तर जाई : तपासणी नियमानुसार झाली आहे. उत्तर खरं होतं. ज्या बाईचे लाडू फुटले, तिला ते वाचून काय वाटलं असेल, याची नोंद फाइलीत नव्हती.

टोचल्यावाचून इलाजही नव्हता. त्या टेबलावर खरोखरच नको ते सापडत असे. तसबिरीच्या मागच्या पुठ्ठ्यात, बांगड्यांच्या पोकळीत, मसाल्याच्या पाकिटांत. दालनात एक्स-रेचं यंत्र होतं, पण त्यात वस्तूचा आकार आणि दाटपणा तेवढा दिसे. भुकटी आहे हे कळे, कसली आहे हे कळत नसे. वर जड थर असला की खालचं झाकूनही जाई.

एके दिवशी दालनात एक नवीन यंत्र आलं. पाठीवरच्या दप्तराएवढ्या पेटीतून निघालं, आणि हातात धरायचं होतं. विभागाच्या अधीक्षक बाईंनी ते टेबलावर ठेवलं. शेजारी नुकताच नोकरीला लागलेला एक तरुण निरीक्षक उभा होता. त्याचे डोळे लकाकत होते.

बाईंनी पर्समधून गोळ्यांची एक पांढरी प्लास्टिकची डबी काढली. डबीवरचा कागद त्यांनी मुद्दाम सोलून टाकला होता. यंत्राचं नाक डबीला टेकवलं आणि बटण दाबलं. पाऊण मिनिटात पडद्यावर नाव उमटलं : पॅरासिटॅमॉल.

नानांनी डबी उचलली, हलवली, झाकण बघितलं. ते तसंच घट्ट होतं.

"आत न बघता कळलं म्हणता?"

"आत बघितलं, नाना. उघडलं नाही, एवढंच."

"ते कसं?"

बाईंना शिकवायची हौस होती. त्या म्हणाल्या, "यातून एका रंगाचा प्रकाश वस्तूवर पडतो. त्यातला बहुतेक सगळा आला त्याच रंगाचा परत फिरतो. पण कोटी किरणकणांतला एखादा आतल्या रेणूंच्या थरथरीत सापडतो आणि थोडा रंग बदलून बाहेर येतो. साखरेची थरथर वेगळी, औषधाची वेगळी, अफूच्या अर्काची वेगळी. तो एखादा कण हे यंत्र वेचून घेतं आणि कुणाच्या थरथरीशी जुळतो ते यादीत बघतं."

नाना थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमच्या गावाला बाया मडकं घेताना बोटाने वाजवून बघतात. चीर असली तर आवाज बद्द येतो. मडकं फोडून कोण बघतं!"

"तसंच आहे. इथे टिचकी प्रकाशाची."

"गोऱ्यांनी शोधलं असेल."

"मूळ आपलंच आहे. रामन यांचं. 28 फेब्रुवारी 1928, कलकत्त्याच्या बोबाजार रस्त्यावरच्या एका संस्थेत."

रामन हे नाव नानांना ठाऊक होतं. टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं होतं आणि नानांनी ते पूर्वी कधीतरी हाताळलं होतं. बाईंनी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. रामन तरुणपणी तुमच्या-आमच्यासारखे सरकारी नोकर होते. दिवसा अर्थखात्याचे हिशेब तपासत आणि सकाळ-संध्याकाळ त्या संस्थेत प्रयोग करत. दहा वर्षं असं काढून 1917 साली नोकरी सोडून ते विद्यापीठात गेले. 1930 साली नोबेल मिळालं. नानांना नोबेलपेक्षा हिशेबखात्याचं कौतुक अधिक वाटलं.

"पण तेव्हाच्या त्या प्रयोगाने डबीच्या आत बघता येत नव्हतं," बाई म्हणाल्या. "काच असली तर ठीक. पांढरं प्लास्टिक आडवं आलं की पडद्यावर प्लास्टिकचंच नाव येई. 2005 साली इंग्लंडमधल्या रदरफोर्ड अॅपल्टन प्रयोगशाळेत पावेल माटुसेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर तोड काढली. प्रकाश सोडायचा एका ठिकाणी आणि परतीचा टिपायचा काही मिलिमीटर बाजूला. बाजूने निघतो तो आत भटकून आलेला असतो, त्यात आतल्या मालाचा वाटा जास्त. मग दोन्हींची वजाबाकी केली की प्लास्टिक गळतं आणि माल उरतो." जपानमध्ये त्याआधी, 2003 साली, दुसऱ्याच जातीचे किरण वापरून बंद लिफाफ्यातली मादक पूड ओळखून दाखवली होती, हेही त्यांनी सांगितलं. तिथेही प्रश्न टपालाचाच होता.

मग बाईंनी आवाज थोडा चढवला. "आता याला काय जमत नाही ते ऐका. पत्र्याच्या डब्यातून याला काही दिसत नाही. काळी वस्तू प्रकाश गिळते आणि तापते. मसाल्यासारखी गडद वस्तू स्वतःच इतकी चमकते की तो कोटीतला एक कण त्यात बुडून जातो. आणि जे नाव यादीत नाही, ते हे सांगणार नाही."

निरीक्षकाने पहिला भाग लक्ष देऊन ऐकला होता. दुसरा भाग चालू असताना तो यंत्राचा पट्टा मनगटात अडकवून बघत होता.

पुढचे काही आठवडे दालनात उत्साह होता. दाभण टेबलाच्या खणात गेली. निरीक्षक एकामागून एक पार्सलं यंत्राला दाखवी, पडद्यावर नाव येई आणि शिक्का पडे. नाना बाजूला बसून बघत. एकदा काळ्या मसाल्याची मोठी पुडी आली. निरीक्षकाने यंत्र टेकवलं. पडद्यावर आलं : जुळणारं काही नाही.

"स्वच्छ आहे. मारा शिक्का," तो म्हणाला.

नानांनी शिक्का उचलला नाही. "साहेब, ते 'काही नाही' म्हणालं की 'मला दिसत नाही' म्हणालं?"

निरीक्षक चिडला. नानांनी खणातून दाभण काढली, पुडीच्या शिवणीतून आत सारली आणि ओढून बघितली. टोकाला मसालाच होता, आणि वास घमघमीत होता. नानांनी शिवण पुन्हा घातली आणि मग शिक्का मारला. निरीक्षक म्हणाला, "बघा, स्वच्छच निघाला." नाना म्हणाले, "हो. आता निघाला."

एके दिवशी सकाळी वरून खबर आली. या आठवड्यात टपालातून केटामाइन बाहेर जाणार आहे. केटामाइन म्हणजे ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायचं औषध. दवाखान्यात ते कामाचं, आणि चोरट्या बाजारात नशेचं. पांढरी बारीक भुकटी. अर्धा किलोच्या वर सापडलं की कायद्याच्या भाषेत ते व्यापारी प्रमाण होतं, आणि मग शिक्षा किमान 10 वर्षांची.

दुपारी एक वयस्क बाई काउंटरवर आली. नऊवारी, खांद्यावर कापडी पिशवी. तिचं पार्सल इमारतीबाहेर बसणाऱ्या शिंप्याने मांजरपाटात शिवून दिलं होतं. लाखेचे ठिपके अजून चमकत होते. फॉर्मवर मजकूर शिंप्याच्याच हातचा : नाचणी सत्त्व, दोन डबे, घरगुती. बाई सारखी पदराने कपाळ पुसत होती आणि पार्सलावरची नजर हलवत नव्हती.

निरीक्षकाने नानांच्या कानात सांगितलं, "घाबरलीय. भुकटी आहे. उघडा."

मांजरपाट उसवलं. आत पांढऱ्या प्लास्टिकचे दोन डबे निघाले. झाकणांभोवती मेण ओतून ती बंद केलेली होती. बाई पुढे झाली.

"दादा, झाकण नका काढू. लेकीच्या बाळाचं आहे. हवा लागली की जाळी धरते, मग बाळाला कसं द्यायचं?"

तिने विचारल्यावाचूनच सगळं सांगितलं. नाचणी तीन दिवस भिजवली, रोज पाणी बदललं, वाटली, मलमलीतून गाळली. पाणी निवळत ठेवलं, वरचं ओतून दिलं, खाली बसलेला साका ताटात पसरून, वर फडकं बांधून सावलीत वाळवला. पुन्हा कुटला, पुन्हा चाळला. एवढ्या नाचणीतून एवढंसं निघतं, असं म्हणून तिने ओंजळ दाखवली. गेल्या वेळचा डबा लेकीला उघडलेला मिळाला होता. तिने तो भीतीने फेकून दिला होता.

नाना खाली बघू लागले. गेल्या वेळीही टेबलाच्या टोकाला तेच बसले होते.

निरीक्षकाने यंत्र डब्याला टेकवलं. आधी प्लास्टिक आलं. मग यंत्राने बाजूचा प्रकाश टिपला, वजाबाकी केली, आणि पडद्यावर 478 च्या आकड्यापाशी एक उंच शिखर उभं राहिलं. खाली नाव आलं : स्टार्च. दुसऱ्या डब्यातही तेच. नानांनी बाईला बाकावर बसवून पाणी दिलं आणि मांजरपाट पुन्हा शिवलं. टाके शिंप्यापेक्षा बारीक पडले. मेणाला धक्का लागला नव्हता.

बाई गेल्यावर पुढचं पार्सल आलं. ते आणणारा पोरगा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. पार्सल दुकानातून बांधून आल्यासारखं नीटनेटकं होतं. सोबत छापील बिल, फॉर्म इंग्रजीत टंकलेला. आत रांगोळीचे एक-एक किलोचे पांढरे पुठ्ठ्याचे खोके होते, थरावर थर. परदेशातल्या मंडळांना दिवाळीत रांगोळी लागते, त्यात वावगं काहीच नव्हतं. पोरगा मोबाइलवर काहीतरी बघत आरामात उभा होता.

निरीक्षकाने वरचा खोका घेतला. छापलेल्या चित्राची बाजू टाळून कोऱ्या पुठ्ठ्यावर यंत्र टेकवलं. 1086 पाशी शिखर आलं. कॅल्साइट. म्हणजे संगमरवराच्या जातीचा दगड, म्हणजे रांगोळीच. दुसराही तसाच.

"ठीक आहे," तो म्हणाला.

नानांना यंत्राचं काही सांगायचं नव्हतं. ते नुसते खोके उचलून उचलून बाजूला ठेवत होते. सवयीने. वरचा थर झाला, मधला झाला. तळच्या थरातला खोका उचलताना त्यांचा हात अपेक्षेपेक्षा वर गेला.

"साहेब, ही रांगोळी हलकी आहे."

तोच आकार, तेच चित्र, तोच एक किलोचा छाप. काट्यावर ठेवला तर अर्धा किलोही भरेना. निरीक्षकाने यंत्र टेकवलं. या वेळी तो स्वतःही पडद्याकडे श्वास रोखून बघत होता. 1086 ला काही नव्हतं. शिखरं दुसरीकडेच उभी राहिली आणि खाली नाव आलं : केटामाइन हायड्रोक्लोराइड. तळचे सहाही खोके तसे निघाले.

मग दालनात धावपळ झाली. पंच बोलावले गेले, पंचनामा सुरू झाला, मुद्देमालाला सील लागलं. यंत्राचा शब्द शेवटचा नसतो. नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढून न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे पाठवावे लागतात आणि कोर्ट तिथल्या अहवालावर चालतं. ते खोके शेवटी उघडलेच गेले. पण ते उघडण्याआधी आत काय आहे हे माहीत होतं.

पोरगा एव्हाना भिंतीला टेकून थरथरत होता. निरीक्षकाने त्याची कॉलर धरली. "रांगोळी काय? तोंड वर करून उभा होतास!"

अधीक्षक बाई आल्या. त्यांनी निरीक्षकाचा हात खाली घेतला आणि पोराला खुर्चीवर बसवलं.

"यंत्राने खोक्यात काय आहे ते सांगितलं. या पोराला काय माहीत होतं ते कुठे सांगितलं? ते आपल्याला विचारावं लागेल."

त्या त्याच्याशी तासभर बोलल्या. पोरगा कुरियरच्या गाळ्यांवर हमाली करत होता. एका ओळखीच्या माणसाने पाचशे रुपये दिले होते, शर्टही त्यानेच दिला होता. फॉर्मवर पाठवणारा म्हणून सही मात्र पोराने स्वतःच्या नावाने केली होती, कारण ओळखपत्र त्याचंच लावलं होतं. त्याने गोदामाचा पत्ता सांगितला. संध्याकाळी पथक तिथे पोचलं तेव्हा एक माणूस उरलेल्या खोक्यांवर रांगोळीची चित्रं चिकटवत होता.

तो पकडला गेला. पोरगाही सुटला नाही, लगेच तरी नाही. व्यापारी प्रमाण असलं की जामीन सहजी मिळत नाही. बाईंनी आपल्या टिपणात तो काय बोलला, त्याने पत्ता कसा दिला आणि गोदाम त्यामुळेच कसं सापडलं, हे सगळं नोंदवलं. त्या टिपणाचा त्याला पुढे उपयोग झाला. पण त्यासाठी त्याला काही महिने आत काढावे लागले.

नाना निवृत्त झाले तेव्हा निरीक्षकाने त्यांच्याकडे दाभण मागून घेतली. यंत्राच्या पेटीत तिच्यासाठी जागा नव्हती, म्हणून ती त्याने पट्ट्यात खोचली. पत्र्याचे डबे आणि काळे मसाले अजूनही येतच होते. तक्रारींची फाइल पूर्वीइतक्या वेगाने जाड होत नव्हती.

संशय घेणं हे त्या टेबलाचं कामच होतं. नानांनी, बाईंनी, निरीक्षकाने, तिघांनीही तो घेतला. पण संशय आला म्हणून दुसऱ्याची वस्तू फोडायचा परवाना मिळत नाही. न फोडता जेवढं बघता येतं तेवढं आधी बघून घ्यावं लागतं, आणि जिथे आपलं हत्यार आंधळं आहे तिथे ते आंधळं आहे असं कबूल करावं लागतं. डब्यासाठी निदान यंत्र तरी निघालं. पदराने कपाळ पुसणारी बाई आणि इस्त्रीचा शर्ट घातलेला पोरगा यांच्यासाठी तसं काही निघालेलं नाही. तिथे बसून विचारावंच लागतं.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचं माणूस परदेशी असेल, तर एवढं करा. पार्सलाच्या फॉर्मवर आत काय आहे ते खरं आणि नेमकं लिहा, आणि कुणी ओळखीचा म्हणून "तुमच्या नावाने एवढं टाका" म्हणाला तर टाकू नका. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात 35 वं कलम आहे. आरोपीला ठाऊक होतं असंच ते धरून चालतं. ठाऊक नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावरच असते.